दार नसलेला बूथ

(घरकामगार स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण. बोलीभाषा तशीच ठेवली आहे.)



चाळिशीच्या पुढच्या सगळ्याजणींना एसटीडीचा पिवळा फलक आठवत असेल. रात्री दर कमी व्हायचे म्हणून रांग, आणि समोर पळणारे मीटरचे लाल आकडे. आईशी बोलताना निम्मं लक्ष त्या आकड्यांकडे. पण बऱ्याच बूथना काचेचं दार असायचं. ते ओढलं की बाहेरच्यांना आपले ओठ दिसत, शब्द ऐकू येत नसत. घरातला मार कितीजणींनी माहेरी पहिल्यांदा सांगितला तो त्या काचेआडून!

आता मीटर गेला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगल यांनी मोफत वायफाय सुरू केलं. पुढे गुगल बाहेर पडलं, रेलटेलने काम चालू ठेवलं आणि मे २०२१ पर्यंत सहा हजार स्टेशनं जोडली. व्हॉट्सअॅपवरून बोलणं त्याआधी २०१५ मध्येच आलं होतं, चेहरा दिसायला लागला २०१६ च्या शेवटी.

आमच्या गटातली एक बाई चार घरची कामं उरकून रोज स्टेशनवर ठरलेल्या खांबाशी उभी राहते. लेक गावी, आजीकडे. दुपारी छान बोलणं होतं, संध्याकाळी मात्र आवाज तुटतो. तिला वाटायचं, फोनच बिघडलाय. तसं नाही. फोटो चार सेकंद उशिरा आला तरी चालतो, बोलणं थांबू शकत नाही. आवाज पोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्शाहून जास्त वेळ लागू लागला की दोघी एकमेकींच्या बोलण्यावर बोलू लागतात. गर्दीच्या वेळी शेकडो माणसं त्याच वायफायवर सिनेमे बघत असतात, तिथे हेच होतं. नुसत्या आवाजाला नेट फार कमी लागतं, म्हणून अशा वेळी चित्र बंद करा. आणि चालत फलाटाबाहेर जाऊ नका. वायफायची हद्द संपली आणि फोनमध्ये डेटा नसला, की कॉल गेलाच.

बरं, हे मोफत तरी कोणाला? स्टेशनचं वायफाय सुरू करायला मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. म्हणजे रिचार्ज संपून सिम बंद पडलेलं असेल, तर फुकटच्या नेटचंही दार बंद. शिवाय स्वतः वापरायचा मोबाइल हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७.

आणि बूथचं ते दार? व्हॉट्सअॅपवरचं बोलणं कुलूपबंद असतं, वायफाय चालवणाऱ्याला ते ऐकता येत नाही. पण बाकावर शेजारी बसलेल्या दिराला येतं! कॉलची नोंद फोनमध्ये राहते, ती रात्री नवरा बघतो. ‘डेटा संपला होता’ ही एक सबब आपल्याकडे होती. आता तो म्हणतो, ‘स्टेशनवर आहेस ना, मग व्हिडिओ लाव, कॅमेरा फिरव.’ सोय म्हणून आलेली गोष्ट पाळतीची कधी झाली, ते आपल्याला कळलंही नाही.

एक गोष्ट घोकून ठेवा. ११२ आणि १८१ व्हॉट्सअॅपवरून लागत नाहीत. ते साध्या फोनवरूनच लावायचे. मारहाण होत असताना वायफाय शोधत बसू नका.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहाची टपरी, किराणा दुकान, कोणीही परवाना न घेता, शुल्क न भरता लोकांना वायफाय देऊ शकतं. टपरी देऊ शकते, तर आपला बचत गट का नाही? आपली खोली दुपारी रिकामी असते. तिथे एक कोपरा, एक खुर्ची, एक पडदा. नेटची जोडणी मात्र विकत घ्यावी लागेल, तिचं महिन्याचं बिल येईल. ते गटाच्या पैशातून भरायचं की वापरणाऱ्या प्रत्येकीने दोन-पाच रुपये टाकायचे, हे पुढच्या बैठकीत ठरवू. पडदा शिवायला कापड माझ्याकडे आहे.