रुग्णालयाचा कारभार आणि तरुण डॉक्टर
(बुऱ्हाणपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी रुग्णालयाच्या कारभारात लोकांनाही वाटा असावा, या विचारास मूर्त रूप आपल्याच राज्यात आले. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. जिल्हा प्रशासनाने रुग्णालय रिकामे करवून ते स्वच्छ केले. त्या मोहिमेतून रोगी कल्याण समितीचा जन्म झाला आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामार्फत ती देशभर पोहोचली. महाराष्ट्रात तीस रुग्ण कल्याण समिती म्हणतात.

या समितीत अधिकारी बसतात, लोकप्रतिनिधी बसतात, दातेही बसतात. परंतु रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी जो उभा असतो, तो तरुण डॉक्टर तेथे सहसा दिसत नाही.

माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्याची साधी रीत अशी, की थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे. गोठले नाही, तर विष भिनले असे समजून सर्पदंशाची लस द्यावयाची. आमच्या खरेदी समितीने एका वर्षी काचेऐवजी प्लास्टिकच्या नळ्या मागविल्या. स्वस्त होत्या, फुटत नव्हत्या. मीही सही केली. आता, काचेच्या स्पर्शाने रक्त गोठावयास चालना मिळते, प्लास्टिकने तशी मिळत नाही. म्हणजे निरोगी माणसाचे रक्तही नळीत पातळच राहावयाचे आणि त्यास विनाकारण लस टोचली जावयाची. या लशीची कधी कधी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. ही चूक रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखली. मात्र ती आमच्या कानी यावयास चार महिने लागले. मी विचारले, ‘आधी का नाही सांगितले?’ त्या म्हणाल्या, ‘सर, सांगायचे कुणाला?’ त्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अनुभव नसलेल्यांच्या हाती कारभार द्यावा काय, असा आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतात. तो अगदीच निराधार नाही. हिशेब, नियम, निविदा या गोष्टी मुरलेल्या माणसाच्याच. पण निर्णय घेणे निराळे आणि निर्णयापूर्वी ऐकून घेणे निराळे. खरी अडचण अननुभवाची नसून भीतीची आहे. ज्याच्या सहीवर आपले प्रमाणपत्र अवलंबून, त्याच्यासमोर दोष कोण दाखविणार?

कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण निवासी डॉक्टरचा कर्तव्यावर असताना अमानुष बळी गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. प्रत्येक रुग्णालयात डॉक्टर, प्रशिक्षणार्थी, निवासी डॉक्टर व परिचारिका यांची समिती असावी आणि तिने दर तिमाहीस सुरक्षेची तपासणी करावी, हा विषयही न्यायालयाने त्या दलापुढे ठेवला. रात्रीचा अंधारा जिना कोणता, हे त्यावरून रोज चढणाऱ्यालाच ठाऊक असते. आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या भूमिगत वाटेत गाळ कोठे साचला, हे आत उतरणाराच सांगू शकतो, तसेच हे आहे.

आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे. तीन महिन्यांत पाहुणा येतो आणि जातो. त्याला कारभारात काय रस, असे म्हटले जाते. मला उलट वाटते. नव्या डोळ्यांना जे खटकते, ते आपल्याला सवयीने दिसेनासे झालेले असते.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. समितीच्या प्रत्येक बैठकीस रात्रपाळी करणारा एक कनिष्ठ डॉक्टर व एक परिचारिका यांना बोलवावे, आणि औषधे व उपकरणांच्या खरेदीपूर्वी त्यांचे मत लेखी घ्यावे. अपघात विभागात एक नोंदवही असावी. तीत नाव न घालता अडचण लिहिता यावी, आणि वरिष्ठांनी आठ दिवसांत समोरच्या रकान्यात उत्तर लिहून सही करावी. डॉक्टर बदलून गेला तरी वही तेथेच राहते. ग्रामस्थांपैकी जे समितीवर आहेत, त्यांनी पुढील बैठकीत ही वही मागून पाहावी आणि समोरचा रकाना कितीदा कोरा राहिला आहे, तेवढे मोजावे.