पारध्याची नजर आणि येवल्याचा माळ

(वसंत व्याख्यानमाला, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



हरणाच्या शिकारीची साधने आणि शिकारीसाठी राखलेली जमीन हा विषय आज कशाला, असे कुणाला वाटेल. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्याला किमान 3 वर्षांची कैद आहे. शिकार थांबली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण शिकाऱ्याला हरणाबद्दल जे ठाऊक होते, तेही आपण शिकारीबरोबर टाकून दिले. आपल्या नाशिक जिल्ह्यात काळवीट राखायचा तर ते ज्ञान आपल्याला परत हवे आहे.

काळवीट उघड्या माळावरचे जनावर. त्याचा सारा भरवसा नजरेवर आणि पायांवर. अशा जनावरासाठी फासेपारध्यांनी काय साधन निवडले? तातीचे फास एका लांब दोरीला ओळीने बांधायचे आणि दोरी खुंट्या ठोकून जमिनीलगत पक्की करायची. कळपाची जायची-यायची वाट आधी माग काढून हेरलेली असायची. मग दोघा-तिघांनी लांबून, अजिबात घाई न करता, कळप त्या वाटेला वळवायचा. जवळ जायचे तर शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने, कारण हरीण माणसाला बुजते, चरणाऱ्या गुराला बुजत नाही. साधन चार पैशांचे. खरी कमाई माग, वारा आणि कळपाचा स्वभाव ओळखण्याची.

कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळविटाची शिकार होई. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर नेत आणि कळप टप्प्यात आला की टोपी काढत. चित्त्याचा दम थोडा. पहिल्या झेपेत काळवीट गवसला नाही तर तो पाठलाग सोडून देई. तेव्हा त्याला कुठून आणि केव्हा सोडायचे, यातच चित्तेवानाचे कसब होते. पुढे बंदुकीच्या जोडीला मोटार आणि झगझगीत दिवे आले, आणि जनावर ओळखण्याची गरजच उरली नाही. 1947 साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात रात्री, गाडीच्या उजेडात, भारतातले शेवटचे ज्ञात तीन चित्ते मारले गेले. साधन जोरदार झाले आणि संयम सुटला, की काय होते ते यातून दिसते.

शिकारीसाठी राखलेल्या जमिनीचेही एक देणे आपल्यावर आहे. दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. 1958 साली ते अभयारण्य झाले. राखलेले होते म्हणून उरले. आपल्याकडे येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरचा सुमारे 54 चौरस किलोमीटरचा परिसर काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींना कायद्यानेच स्थान दिले आहे. म्हणजे ही जमीन कशी राखायची, हे ठरवण्यात गावाचाही आवाज आहे.

ती राखायची कशी? पहिली गोष्ट गवत. मारवेल, पवन्या, कुसळी यांचा माळ सरकारी कागदावर पडीक दिसतो, आणि पडीक दिसला की झाडे लावायची हौस सुटते. दाट झाडीत काळविटाची नजर अडते, लांडगा किंवा कुत्रे येताना त्याला दिसत नाहीत. मादी पाडस पहिले काही दिवस गवतात लपवून ठेवते. गवत चरून जमिनीला टेकले तर ते पाडस उघड्यावर पडते. म्हणून झाडे नकोत, चराईला आळीपाळी हवी आणि वेडी बाभूळ मुळासकट काढायला हवी.

दुसरी गोष्ट पाणी. एप्रिल-मे महिन्यांत कळप पाण्यासाठी शेतांकडे वळतात, कुत्री मागे लागतात, आणि बिनकठड्याच्या विहिरीत हरणे पडतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवर खूर घसरतात. आत उतरलेले हरीण वर येऊ शकत नाही. पाणवठा उथळ हवा, एका बाजूने हळूहळू उतरता हवा, म्हणजे पाडसालाही पिता येईल. तो मोकळ्यावर हवा, जवळ झुडूप नको. आणि तो कळपाच्या रोजच्या वाटेवर हवा. नकाशावर खूण करून खोदलेला पाणवठा कोरडा नसला तरी ओसाड राहतो. ही वाट कोण दाखवणार? ज्याच्या आजोबाने तिथे फास मांडले, तो. पारध्यांसह ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची ती सरकारी नोंद 1952 साली पुसली गेली, समाजाच्या मनातला शिक्का मात्र अजून पुसलेला नाही. पारधी तरुणांना माळाचे पगारी राखणदार नेमा. त्यांच्या घरातली विद्या मानाने वापरली जाईल आणि हरीणही वाचेल.

शेतकऱ्याला विसरून हे काही होणार नाही. मक्याचे कोवळे कोंब रातोरात फस्त झाले, तर त्याचा संताप रास्त आहे. हरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई सरकार देते. ती पंचनाम्यानंतर महिनोन्‌महिने न अडकता हातात पडली पाहिजे.

नाशिककरांना माझी विनंती एवढीच. माळावरच्या एका विहिरीला कठडा बांधायला, एका शेततळ्यात खुरांना पकड मिळेल अशी दोरांची जाळी सोडायला फार पैसा लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांची गावे, शेते, नातलग येवला-नांदगाव पट्ट्यात आहेत. पेरणीच्या आधी एवढे काम करून घ्या.