दगडावरचे साडेत्रेपन्न वय

मी इतिहासकार नव्हे. बी.ए.ला इतिहास होता, एवढीच माझी पुंजी. पण कविता लिहिणाऱ्याला थोडक्यात खूप सांगणाऱ्या मजकुराचे आकर्षण असते. रोमन सैनिकांच्या शिलालेखांकडे मी वळलो तो त्यामुळेच.

कबरीवरच्या लेखाला आमच्याकडे कतबा म्हणतात. नाव, वडिलांचे नाव, मृत्यूची तारीख, संपले. रोमन सैनिकाचा लेखही असाच मोजका असे. नाव, वडिलांचे नाव, गाव, पलटण, वय, चाकरीची वर्षे. पुष्कळ शब्दांची तर नुसती आद्याक्षरे कोरलेली. एवढ्याशा मजकुरातून इतिहासकाराला काय मिळते, ते दोन दगडांवरून सांगतो.

पहिला दगड जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या झांटेन गावी सापडला. आज तो बॉनच्या संग्रहालयात आहे. इ.स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या रानात जर्मन टोळ्यांनी वारूस या रोमन सेनापतीच्या तीन लीजन कापून काढल्या. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार सैनिकांचे दळ. रोमन ग्रंथांत या पराभवाची हकिगत आहे, वारूसची चूक आहे, सम्राट ऑगस्टसचा आक्रोश आहे. मेलेले सैनिक मात्र तिथे बहुतेक बिननावाचेच.

या दगडावर त्यातला एक माणूस भेटतो. मार्कुस काइलियस, टायटसचा मुलगा, इटलीतल्या बोलोन्याचा, अठराव्या लीजनमधला सेंच्युरियन, वय साडेत्रेपन्न, 'वारूसच्या युद्धात पडला'. त्या युद्धाचे नाव घेणारा दुसरा शिलालेख अजून मिळालेला नाही. अठरावी लीजन त्या रानात संपली, हे आपण या दगडाच्या आधाराने म्हणतो.

काइलियसच्या दोन्ही बाजूंना त्याने गुलामीतून मुक्त केलेल्या दोघांचे चेहरे आहेत, नावांसह: प्रिवातुस आणि थियामिनुस. खाली लिहिले आहे, अस्थी इथे आणून ठेवण्यास मुभा आहे. मधला एक शब्द तुटला आहे. अभ्यासक तो 'मुक्त दासांच्या' असा भरून वाचतात. दगड उभारला भावाने, पब्लियसने. प्रेत हाती लागले नव्हते, तरी त्याने भावासाठी जागा राखली.

दुसरा दगड १९६५ मध्ये ग्रीसमध्ये, प्राचीन फिलिप्पी शहराजवळ मिळाला. तो तिबेरियस क्लॉडियस माक्सिमुस या घोडेस्वाराने हयातीतच करवून घेतला होता. डेसिया म्हणजे आजचा रुमानिया. तिथला राजा डेसिबालस याला आपण पकडले, त्याचे शिर रानिस्तोरुम येथे सम्राट ट्राजनपुढे नेले आणि त्याबद्दल बढती मिळाली, असे त्यात म्हटले आहे. रानिस्तोरुम हे नाव दुसऱ्या कोणत्याही साधनात नाही.

पण इथे सावध राहावे लागते. डेसिबालसने आत्महत्या केली, असे इतिहासकार डिओ सांगतो. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरही घोडेस्वार पोहोचत असताना राजा स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवताना दिसतो. म्हणजे दगडही बढाई मारतो! ग्रंथ, शिल्प आणि शिलालेख शेजारी ठेवले, तरच खरे काय ते उमगते. त्या घोडेस्वाराचे नाव मात्र या दगडानेच दिले.

एक दगड एका माणसाचे सांगतो. हजारो दगड मिळून समाजाचे सांगतात. अनेक लेखांत वय तीस, पस्तीस, चाळीस असे पाचाच्या पाढ्यात येते. पुष्कळांना आपले नेमके वय ठाऊक नसावे, असा त्यावरून तर्क होतो. काइलियसचे साडेत्रेपन्न म्हणूनच लक्षात राहते. हे लेख एकत्र करायचे म्हणून १८५३ मध्ये बर्लिनच्या अकादमीने थिओडोर मोमसेन यांच्या देखरेखीखाली काम हाती घेतले. त्या संग्रहात आज १,८०,००० च्या आसपास लॅटिन लेख आहेत. याच मोमसेनना १९०२ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. इतिहासकाराला साहित्याचे नोबेल, याचे आम्हा कवींना वाईट वाटू नये.

ज्याच्यापाशी दगडाचे पैसे नव्हते, तो या संग्रहातही नाही, हे विसरून चालणार नाही. पण पब्लियसला इतिहास लिहायचा नव्हता. भावाचे नाव पुसले जाऊ नये, एवढेच त्याला हवे होते. नाव राहिले, आणि त्या नावाच्या आधाराने एका लीजनचा शेवट आपल्याला कळला.