बालमनातील भीती

पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी आषाढातील रात्र मोठी गंभीर असते. समुद्राची गाज माडांच्या राईतून थेट ओसरीपर्यंत पोचते आणि वीज गेली की घर काळोखात बुडून जाते. अशा वेळी चार वर्षांचे मूल आईचा पदर घट्ट धरते. मग कोणी हसून म्हणते, ‘एवढा मोठा झालास आणि भितोस?’ कोणी दटावते, ‘गप नीज, नाहीतर देवचार येईल.’ पहिल्या बोलण्याने मूल भीती लपवावयास शिकते, दुसऱ्याने ती वाढते. भीती जाते मात्र कशानेच नाही.

वास्तविक पेडणे-डिचोलीच्या लोकश्रद्धेत देवचार हा गावाचा राखणदार. हाती दांडा घेऊन तो रात्री सीमेवरून फेरी घालतो, अशी समजूत आहे. अशा रक्षणकर्त्यालाच बागुलबुवा करून मुलापुढे उभे करणे हा केवढा विपर्यास! धाकाने आणलेली झोप उसनी असते. तिचे व्याज मूल पुढे अनेक रात्री फेडीत राहते.

भिणे हा मुलाचा दोष नव्हे. सात-आठ महिन्यांचे मूल अनोळखी चेहरा पाहून रडते, कारण ओळखीचा चेहरा त्याला कळू लागलेला असतो. तीन-चार वर्षांचे मूल काळोखाला भिते, कारण न दिसणारे कल्पिण्याची शक्ती त्याला आलेली असते. भीती ही वाढत्या बुद्धीची सावली होय.

परंतु भीती शिकविताही येते. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी, वर्षही न भरलेल्या एका बालकापुढे पांढरा उंदीर ठेवून पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणला. असे अनेकदा घडल्यावर बालक नुसत्या उंदरालाही भिऊ लागले. त्याची ती भीती काढण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी याउलट काम केले. पीटर नावाचा लहान मुलगा सशाला फार भीत असे. तो आवडीचे खात असता पिंजऱ्यातील ससा दूर ठेवण्यात आला आणि त्याला सोसेल तसतसा जवळ आणण्यात आला. अखेरीस तोच पीटर सशाला हात लावून खेळू लागला.

या प्रयोगाचे मर्म कोणत्याही आईला आचरता येण्याजोगे आहे. लाटेला भिणाऱ्या मुलास उचलून पाण्यात बुडवू नये. ओहोटीच्या वेळी प्रथम कोरड्या वाळूत शिंपले वेचावे, दुसऱ्या दिवशी ओल्या वाळूत पावले उमटवावी. पाण्यात पाय कधी घालावयाचा, हे मुलाने ठरवावे. काळोखाला भिणाऱ्याच्या हाती विजेरी द्यावी आणि त्यालाच कोपरे पाहू द्यावे. वडील माणसाने बरोबर असावे. ढकलू मात्र नये.

शाळेची पहिली भीतीही अशीच ओसरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा मुलांना बालवाडीत ओढून आणण्याऐवजी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ओळखीच्या अंगणात नवी गोष्ट परकी वाटत नाही.

सर्वच भीती घालवावयाची नसते. पावसाळ्यातील समुद्र आणि गवतातील साप यांना मुलाने जपलेच पाहिजे. तेथे भीतीचे सावधगिरीत रूपांतर करावे. धोका काय आणि कसे वागावे, हे शांतपणे सांगावे. परंतु भीतीपायी मुलाची झोप, अन्न किंवा शाळा आठवडेच्या आठवडे सुटत असेल, तर नजर उतरवून स्वस्थ न बसता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत त्याची सोय आहे.

मुलास निर्भय करणे म्हणजे काळोख नाहीसा करणे नव्हे. काळोखात हाक मारली तर ओ येईल, एवढी खात्री त्याला देणे होय.