पाण्याचा आकडा ग्रामसभेच्या वहीत हवा
(तळेगाव ढमढेरे इथल्या शिबिरात केलेलं भाषण)



झारखंडात जादूगोड्याला युरेनियमची खाण आहे. संथाळ, हो आदिवासींचा तो मुलूख. 2006 च्या डिसेंबरात खाणीचा गाळ नेणारा पाइप फुटला, गाळ ओढ्यात गेला. फुटलेला पाइप डोळ्यांना दिसतो. पण पाण्यात विरघळलेलं युरेनियम दिसत नाय. त्याला वास नाय, चव नाय. पाणी उकळलं तरी ते जात नाय.

खाण नसली तरी ते पाण्यात येऊ शकतं. तळेगावच्या काळ्या पाषाणात युरेनियम कमी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या जुन्या ग्रॅनाइट खडकात त्याहून जास्त. बोअर खोल गेली की तेच पाणी आपल्या हंड्यात. पहिला मार बसतो मूत्रपिंडाला.

मग ओळखायचं कसं? एक रीत विजेची आहे. पाण्याच्या नमुन्यात विजेची बारीक कांडी बुडवतात. ठरावीक दाब दिला की युरेनियम कांडीवर गोळा होतं. मग दाब बदलत नेतात. एका ठरावीक दाबाला करंट उसळतो. उसळी जेवढी मोठी, तेवढं युरेनियम जास्त. असं यंत्र हातात धरण्याएवढंही करता येतं.

पण भुलू नका. पाण्यातले दुसरे धातू आकडा बिघडवू शकतात, म्हणून माहितीतल्या नमुन्यावर यंत्र आधी तपासून घ्यायचं. युरेनियमचं यंत्र ट्रिटियम दाखवत नाय. पाणी शुद्ध करणारे विक्रेते जो टीडीएस मीटर दाखवतात, त्याला तर यातलं काहीच कळत नाय.

अहवालात "मर्यादेत" लिहिलं तर विचारा, कुठल्या मर्यादेत? जागतिक आरोग्य संघटना लिटरला 30 मायक्रोग्रॅम म्हणते, अणुऊर्जा नियामक मंडळाचा आकडा 60 होता. 30 म्हंजे हजार लिटरच्या टाकीत तांदळाच्या दीड दाण्याच्या वजनाएवढं. 45 आलं, तर एका कागदावर पाणी चांगलं, दुसऱ्यावर वाईट!

वनहक्क कायदा 2006, कलम 5. पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो वापरा. नमुना चार माणसांसमोर घ्या. दोन बाटल्या भरा, सील करा, तारीख आणि विहिरीचं नाव घाला. एक प्रयोगशाळेला, एक ग्रामसभेकडे. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. आलेला आकडा वहीत चढवा, सभेत मोठ्यानं वाचा.

जमिनीचा सातबारा आपण मागतो. तसा पाण्याचाही मागायचा.

जिंदाबाद!