शिवनाथकाठी स्वागत



छत्तीसगडच्या खेड्यात पाहुणा दारात आला की आधी लोटाभर पाणी पुढे येतं, विचारपूस नंतर. आपलं मराठी गूळपाणी, इथला लोटा. त्याच पाण्याने आपलं मनापासून स्वागत.

हे पाणी येतं कुठून, तेही सांगायला हवं. तांदुळा धरण १९२१ साली पुरं झालं ते धानासाठी. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारानंतर इथे भिलाईत पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्या धरणाचं पाणी कालव्याने मरोदा तलावात येऊ लागलं. नोकरीसाठी आलेली आमची मराठी कुटुंबं सेक्टरातल्या क्वार्टरांत राहिली. नळ सोडला की पाणी! कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची आठवण आम्हाला फार उशिरा झाली.

आणि ही शिवनाथ नदी. १९९८ साली, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी रेडियस वॉटर या खासगी कंपनीशी २२ वर्षांचा करार झाला. सुमारे साडेतेवीस किलोमीटरचं पात्र कंपनीच्या हाती गेलं. कारखान्यांनी पाणी उचललं नाही, तरी रोजच्या ४० लाख लिटरचे पैसे सरकारी महामंडळाने भरायचे! मोहलाईसारख्या काठच्या गावांत मासेमारी, अंघोळ, शेतीचे पंप, सगळ्यावर बंधनं आली. लोक रस्त्यावर उतरले. २००३ साली सरकारने करार रद्द करण्याची घोषणा केली, २००७ साली विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही तेच सुचवलं, तरी प्रकरण लांबतच राहिलं.

यात जे गेलं ते लिटरमध्ये कसं मोजायचं? इथल्या बायका श्रावणात गव्हाचे अंकुर वाढवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडतात. ही भोजली. त्यातलेच चार अंकुर मैत्रिणीच्या कानावर खोवले की त्या दोघी जन्मभर एकमेकींना नावाने नाही, ‘भोजली’ म्हणूनच हाक मारतात. करार करणाऱ्या दोन्ही पक्षांत या बायका कुठेच नव्हत्या.

पण माणसं धरून पाणी वाटल्याचं उदाहरणही आहे: महाराष्ट्रात, पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशेबाने पाणी वाटलं. भूमिहीनालाही वाटा दिला. म्हणजे असा हिशेब करता येतो, करून झालेला आहे.

उद्या सकाळी आपण शिवनाथकाठी जाणार आहोत. तिथे माइक आधी नदीवर जगणाऱ्या केवटांकडे, म्हणजे नावाडी-मच्छीमारांकडे, आणि भोजली सोडणाऱ्या बायकांकडे जाईल. आपले, अभ्यासकांचे, निबंध दुपारी.