शिवार एकत्र, मालकी कायम

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शहराची हद्द गावाच्या शिवाराला येऊन भिडली म्हणजे शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : जमीन राखावी की विकावी ? या दोहोंखेरीज तिसराही मार्ग आहे, हे पुण्यालगतच्या हडपसर येथील मगर मंडळींनी दाखवून दिले. त्याचा आज विचार करू.

मगरपट्टा हा उसाचा बागायती पट्टा. एकाच कुळातील कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली. १९८२ च्या पुणे विकास आराखड्याच्या मसुद्यात हे क्षेत्र भावी नागरीकरणासाठी दर्शविण्यात आले आणि शिवाराचे भवितव्य स्पष्ट झाले.

अशी जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली म्हणजे काय होते, हे आपण जाणता. एकराचे चाळीस गुंठे होतात आणि प्रत्येक गुंठ्याला वेगळा धनी येतो. रस्त्यासाठी कोणी हातभर जागा सोडीत नाही. गटार, शाळा, क्रीडांगण यांना ठाव उरत नाही. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी शासनाला २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम करावा लागला. विकणाऱ्याच्या हाती आलेला पैसाही बहुधा लग्नकार्यात आणि मोटारगाडीत सरतो.

मगर मंडळींनी निराळी वाट धरली. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबे एकत्र आली आणि त्यांची ४०० एकरांहून अधिक जमीन एकाच नियोजनाखाली आली. १९९३ मध्ये नगरवसाहतीचा प्रस्ताव शासनापुढे मांडण्यात आला. शेतकऱ्यांचीच कंपनी स्थापन झाली व ज्याची जितकी जमीन, त्या प्रमाणात त्याला भाग मिळाले. सातबाऱ्यावरील हिस्सा असा भागपत्रावर आला. मालक मात्र तोच राहिला. २००० च्या सुमारास बांधकामास प्रारंभ झाला. घरांबरोबर माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये, शाळा, रुग्णालय व विस्तीर्ण उद्यान उभे राहिले. अनेक शेतकरी कुटुंबांतील तरुणांनी बांधकाम साहित्याचा पुरवठा, वाहतूक अशी कामे अंगावर घेतली. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरांत कार्यालयांच्या भाड्याचे उत्पन्न येऊ लागले. पुढे सिंहगड रस्त्यावरील नांदेड येथेही शेतकऱ्यांच्या सहभागाने अशीच वसाहत आकारास आली.

तथापि या प्रयोगाच्या मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. येथे भावकीचा विश्वास हाताशी होता. जेथे बांधावरून दावे चालू आहेत, तेथे तो आधी निर्माण करावा लागेल. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्या शेतमजुराला जमिनीच्या प्रमाणात कोणता भाग मिळणार ? त्याच्या रोजगाराची तरतूद योजनेतच हवी. शिवाय, एकदा सिमेंटखाली गेलेली बागायत पुन्हा पिकत नाही.

म्हणून कामाला आजच लागले पाहिजे. पंचायत सदस्यांनी वारसनोंदी व फेरफार पूर्ण करून घ्यावेत. त्यांत मुलींची नावे गाळली जाऊ नयेत. शिक्षकांनी भाग म्हणजे काय, करारनामा कसा वाचावा, हे प्रौढांना समजावून द्यावे. अधिकाऱ्यांनी विकास आराखडा कचेरीच्या फलकावर लावून न थांबता तो चावडीवर वाचून दाखवावा. दलाल दारी येण्यापूर्वी ही माहिती शेतकऱ्याच्या घरी पोहोचली, तरच त्याला आपला निर्णय आपण घेता येईल.